पेरूंतील दुहेरी कौल

राष्ट्राध्यक्ष व विधिमंडळ यांची निवड एकाच दिवशीं झाली म्हणजे राज्यरथाचीं दोन्हीं चाकें एका दिशेनें चालतील, असें या पद्धतीचे कैवारी सांगतात. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाचा अनुभव या समजुतीस दुजोरा देत नाहीं.

तेथें अध्यक्षास निम्म्याहून अधिक मतें मिळावीं लागतात. तीं कोणासच न मिळाल्यास पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. विधिमंडळाची निवडणूक मात्र पहिल्या फेरीबरोबरच, म्हणजे मतें दहा दिशांस फांकलेलीं असतांनाच, उरकली जाते. एप्रिल २०१६ मध्यें सुमारें २१ टक्के मतें मिळवून कुझिन्स्की दुसरे आले. त्यांच्या पक्षास १३० पैकीं अवघ्या १८ जागा, तर प्रतिस्पर्धी केइको फुजिमोरी यांच्या पक्षास ७३! जूनमध्यें कुझिन्स्की सुमारें ४१ हजार मतांनीं अध्यक्ष झाले. पण विधिमंडळ आधींच हातचें गेलें होतें. मार्च २०१८ मध्यें, गैरव्यवहाराच्या आरोपांत सांपडल्यावर, त्यांस राजीनामा द्यावा लागला. २०२१ सालीं पेद्रो कास्तियो यांच्या पक्षास ३७ जागा मिळाल्या. ७ डिसेंबर २०२२ रोजीं त्यांनीं विधिमंडळ बरखास्त करण्याचा घटनाबाह्य डाव टाकला व त्याच दिवशीं ते पदच्युत झाले. पुढील निदर्शनांत आयाकुचो व हुलियाका येथें कित्येक नागरिक प्राणांस मुकले.

कास्तियो यांचें कृत्य निंद्यच होय. परंतु जुलै २०१६ ते डिसेंबर २०२२ या काळांत जेथें सहा अध्यक्ष होतात, तेथें केवळ व्यक्तींस दोष देऊन भागत नाहीं. ‘नैतिक असमर्थता’ या मोघम कारणावरून त्या काळीं ८७ सभासद अध्यक्षास काढूं शकत. तो ठराव अडविण्यास ४४ सभासद लागत. वरील दोघांपाशीं निवडून आलेले स्वपक्षीय तेवढेही नव्हते. २०२४ च्या घटनादुरुस्तीनें २०२६ पासून दोन सभागृहें योजिलीं. पण दोहोंचें मतदान पहिल्या फेरीसच जोडलेलें राहिलें.

आमच्या मतें विधिमंडळाचें मतदान दुसऱ्या फेरीच्या दिवशीं घ्यावें. त्यानें बहुमत हमखास लाभेल असें नाहीं. फ्रान्समध्यें २०२२ सालीं अध्यक्षीय निवडणुकीमागून झालेल्या निवडणुकींत माक्राँ यांच्या आघाडीचें निर्विवाद बहुमत गेलेंच. तथापि, अध्यक्षपद कोणत्या दोघांपैकीं एकाकडे जाणार हें जाणून, त्यास हात द्यावा कीं लगाम घालावा हें ठरविण्याचा हक्क मतदाराचा आहे. तो त्यास न देतां अस्थिरतेचें खापर त्याच्याच माथीं फोडणें हा उघड अन्याय होय.