नातीची आकाशवाट

नायगावाहून आमच्या एका वृद्ध वाचकांचे पत्र आले आहे. नात यंदा बारावीत असून नौदलात वैमानिक होईन म्हणून हटून बसली आहे. आमच्या सात पिढ्यांत समुद्राशी कोणाचा संबंध आला नाही, मग त्यावरून उडण्याची ही बुद्धी कोठून आली, असे आजोबा विचारतात. सिंधुगमनाबद्दल प्रायश्चित्त घेण्याचा काळ गेला हे तेही जाणतात. त्यांची खरी धास्ती निराळी आहे, आणि ती आम्ही थट्टेवारी नेणार नाही.

नौदलाचा वैमानिक उडण्याचे पहिले धडे समुद्रावर गिरवीत नाही. हैदराबादजवळ दुंडिगल येथे वायुदलाची अकादमी आहे, तेथे तो हे शिकतो. आणि नायगावास मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ! पुढे कोणी कोचीस डॉर्नियर विमानांवर, तर कोणी अर्कोणमला हेलिकॉप्टरांवर जातात. कोचीचा 'गरुड' तळ १९५३ सालचा. तेथूनच २०१९ च्या डिसेंबरात सब लेफ्टनंट शिवांगी ही नौदलाची पहिली स्त्री-वैमानिक झाली.

विमानवाहू नौका थोड्यांच्याच वाट्यास येते. तिचा सरावही आधी जमिनीवर, गोव्यात दाभोळीच्या तळावर होतो. नौकेच्या नाकाडासारखा चढ व विमान अडविणाऱ्या तारा तेथे मुद्दाम उभारल्या आहेत. शेपटीखालच्या आकड्याने तार पकडावयाची. आणि नवल असे की, चाके टेकताच वैमानिक इंजिन मंद न करता त्यास पूर्ण जोर देतो. आकडा चुकला तर त्याच क्षणी पुन्हा उडावयाचे असते! जिला घरी जन्मभर 'जपून, जपून' एवढेच ऐकविले, तिला हे अंगवळणी पाडणे किती जड जात असेल!

निवडीचे प्रकरण मात्र कठोर आहे. मंडळापुढील परीक्षा सुमारे पाच दिवस चालते. वैमानिकाच्या योग्यतेची यंत्रावरील चाचणी तर जन्मात एकदाच. तीत नापास झालेल्यास त्या शाखेचे दार कायमचे बंद. म्हणून घाई नको. आधी नांदेडला डोळे तपासून घ्यावेत, विशेषतः रंगांची पारख. छत्रपती संभाजीनगरची सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मुलांना यासाठी तयार करीत आली. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये निघाली. खडकवासल्याची प्रबोधिनी मुलींना २०२२ पासून खुली आहे.

धोका नाही असे लिहिणे आम्हांस साधणार नाही. अपघात होतात, आणि ते समुद्रावर झाले म्हणजे शोधही दुर्घट होतो. पत्राच्या समासात आजीबाईंनी 'लग्नाचे काय?' एवढेच लिहिले आहे. त्याचे उत्तर नातीनेच द्यावे हे बरे. निवडमंडळाकडे जाताना पालकांच्या सहीचे संमतिपत्र लागते. कागदावर सही वडिलांची होईल. पण आजोबांनी मान हलविल्यावाचून त्या घरात लेखणी उचलली जाईल असे आम्हांस वाटत नाही.