शिळी पोळी आणि क्वेरी कॅश

मेसमध्ये रात्री उरलेल्या पोळ्या सकाळी फोडणीची पोळी म्हणून पुन्हा ताटात येतात, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्यात वाईट काही नाही, मला तर ती आवडते! पण एक गोष्ट आहे. ही पोळी कालची आहे हे मेसच्या मावशींना पक्कं माहीत असतं. कालची पोळी आजची म्हणून वाढली, आणि वाढणाऱ्यालाच त्याचा पत्ता नसला, की मग पोट बिघडतं. कॉम्प्युटरवाले अशा माहितीला 'स्टेल डेटा' म्हणतात. मराठीत त्याला फार सोपा शब्द आहे : शिळा.

हा लेख शिळ्या डेटाबद्दल आहे. आणि थोडा माझ्या चुकीबद्दल.

झालं असं की मी आणि माझ्या पार्टनरनं मिनी प्रोजेक्ट म्हणून होस्टेलचा खाडा कॉम्प्युटरवर आणला. पूर्वी मेसच्या दाराशी खाड्याची वही असायची, तिचं एखादं पान फाटायचं, कुणी दुसरीच्या नावापुढे फुली मारायची. आम्ही जावा, स्प्रिंग, हायबरनेट ५ आणि मायएसक्यूएल घेऊन एक छान वेब ॲप्लिकेशन केलं. एक-दोन दिवसांचा खाडा मुली स्वतः भरणार. तीन दिवसांपेक्षा मोठी रजा मात्र ऑफिसमधले काका त्यांच्या जुन्या डेस्कटॉप प्रोग्रॅममधून भरणार, कारण त्यांना तो हातासरशी येतो. डेटाबेस एकच. महिन्याच्या शेवटी आमचा स्क्रीन दोन्ही टेबलं वाचून बिल काढणार. सगळं कसं झकास!

फक्त खाड्याचं पान उघडायला आठ-नऊ सेकंद लागायचे. सबमिशन चार दिवसांवर. एका सीनियरनं सांगितलं, "क्वेरी कॅश ऑन करा, उडेल नुसतं." आम्ही कॉन्फिगरेशनमध्ये एक ओळ टाकली, प्रत्येक क्वेरीला 'सेट कॅशेबल ट्रू' लावलं, कॅशची मुदत कुठल्याशा उदाहरणातून उचलून 'इटर्नल', म्हणजे चिरंतन, ठेवली आणि रिफ्रेश मारलं. पान खरंच उडालं. व्हायवामध्ये आम्ही 'सेकंड लेव्हल कॅशिंग' हे शब्द तीनदा उच्चारले आणि चांगले मार्क घेऊन बाहेर आलो.

पुढच्याच महिन्यात फर्स्ट इयरची एक मुलगी रूमवर आली. तिची आजी गेली होती. गाव लांब, तेरावं आटोपून ती परतली होती. जाण्याआधी अर्ज दिला होता, पण बिलात १४ दिवसांचा खाडा नव्हता. रोजचे ९० धरले तर १,२६० रुपये जास्तीचे. बिलाच्या खिडकीवर तिला सांगण्यात आलं, "कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही." दुसऱ्यांदा गेली तर, "आजी गेल्याचा दाखला आण." आणि मी तिला काय सांगितलं? मी म्हटलं, "सिस्टीम चुकत नाही गं, तूच अर्ज उशिरा दिला असशील."

ती काही बोलली नाही. गेली. मला रात्री झोप लागेना, म्हणून लॅपटॉप उघडला. मायएसक्यूएलमध्ये थेट सिलेक्ट मारून पाहिलं. तिची १४ दिवसांची रजा तिथे व्यवस्थित होती! काकांनी वेळेवर भरलेली. आमच्या स्क्रीनवर मात्र नव्हती. सर्व्हर रिस्टार्ट केला आणि रजा दिसायला लागली. इथे बहुतेक जण सुटकेचा निःश्वास टाकून झोपतात. पण रिस्टार्टनं बरा होणारा आजार म्हणजे चूक मेमरीत साठवलेल्या कशात तरी आहे याची खूण असते. रिस्टार्टनं पुरावाही पुसला जातो, हे मला नंतर कळलं.

आता जरा आतलं सांगते. नॉन-कॉम्प्युटरवाल्यांनी घाबरू नये, मेसइतकंच सोपं आहे.

हायबरनेटमध्ये तीन ठिकाणी माहिती साठते. पहिली पातळी सेशनची : एका कामापुरती, काम संपलं की गेली. दुसरी पातळी सगळ्या सेशन्सना सामायिक, तिथे एकेक नोंद तिच्या आयडीनुसार राहते. आणि क्वेरी कॅश. हिच्यात प्रश्न आणि त्याचं उत्तर अशी जोडी असते. प्रश्न म्हणजे एसक्यूएलचा मजकूर आणि त्यात भरलेल्या किमती. उत्तर म्हणजे हायबरनेट ५ मध्ये फक्त आयडींची यादी, अख्ख्या नोंदी नव्हेत. त्या नोंदी दुसऱ्या पातळीत नसतील तर हायबरनेट एकेका आयडीसाठी डेटाबेसकडे वेगळी फेरी मारतं. म्हणजे कॅश लावून काम वाढलं असंही होऊ शकतं. (सहाव्या मालिकेत या साठवणीत बदल झाले आहेत, त्यामुळे आपली आवृत्ती आधी बघा.)

मग उत्तर शिळं झालं हे कसं कळतं? हायबरनेट एक वेगळी नोंद ठेवतं : कुठल्या टेबलात शेवटचा बदल कधी झाला. उत्तर साठवल्यानंतर त्या टेबलात काही बदललं असेल तर ते उत्तर फेकून देतं. यातल्या दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हिशेब अख्ख्या टेबलाचा असतो. एका मुलीनं खाडा भरला की त्या टेबलावरची सगळ्या मुलींची उत्तरं बाद. दोन, हायबरनेटमधून झालेला बदलच या नोंदीत येतो. कुणी बाहेरून, दुसऱ्या प्रोग्रॅममधून बदल केला, तर हायबरनेटला त्याची गंधवार्ता नसते.

आता आमची दोन टेबलं बघा. खाड्याच्या टेबलात रात्री दहाच्या सुमारास अख्खं होस्टेल लिहीत असतं. दर नोंदीला कॅश रिकामी! स्टॅटिस्टिक्स चालू करून पाहिलं तर हिट बोटांवर मोजण्याएवढे आणि मिस ढीगभर. मग पान उडालं कसं होतं? कारण दुपारी रिकाम्या होस्टेलमध्ये आम्ही दोघीच रिफ्रेश मारत होतो. रात्री ते पुन्हा हळू व्हायचं आणि आम्ही वाय-फायला शिव्या घालायचो.

रजेच्या टेबलाचं नेमकं उलटं. तिथे आमचं ॲप्लिकेशन कधीच लिहीत नाही, फक्त काकांचा प्रोग्रॅम लिहितो. महिन्याच्या एक तारखेला रेक्टर मॅडमनी पान उघडलं, तेव्हा रजा कुणाचीच नव्हती. आलेलं उत्तर : रिकामी यादी. रिकामी यादी हेही उत्तरच, तेही साठवलं गेलं. मुदत चिरंतन, बदलाची बातमी कुणी देणार नाही. मग महिनाभर जो विचारेल त्याला तीच रिकामी यादी. प्रोजेक्ट चालू असताना आम्ही सर्व्हर रोज रिस्टार्ट करायचो, म्हणून आधी हे दिसलं नव्हतं. थोडक्यात, जिथे कॅशचा उपयोग नव्हता तिथे ती निरुपयोगी होती आणि जिथे ती धोक्याची होती तिथे अगदी चोख काम करत होती!

आणि मूळ दुखणं? ते वेगळंच निघालं. एसक्यूएलचा लॉग चालू केला, तर पान एकदा उघडलं की यादीसाठी एक सिलेक्ट आणि मग प्रत्येक मुलीच्या माहितीसाठी एकेक सिलेक्ट. मेनी-टू-वन नातं मुळातच 'ईगर' असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. 'जॉइन फेच' लिहिल्यावर ही सगळी रांग एका क्वेरीत आली. मग एक्स्प्लेन लावून पाहिलं, तर मायएसक्यूएल पूर्ण टेबल चाळत होतं. तारखेवर इंडेक्स होता, पण आम्ही 'मंथ' फंक्शनमध्ये तारीख गुंडाळली होती, आणि असं केलं की साधा इंडेक्स तारीख शोधायला कामी येत नाही. 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असं लिहिलं आणि पान सेकंदाच्या आत आलं. कॅश बंद ठेवून! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय.

म्हणून माझं स्पष्ट मत : क्वेरी कॅश ही वेदनाशामक गोळी आहे. पोटात का दुखतंय हे न बघता ती घेऊ नये. हायबरनेटनं स्वतः ती मुळात बंद ठेवलेली आहे आणि चालू केल्यावरही प्रत्येक क्वेरीला वेगळं सांगावं लागतं, ते उगाच नाही. मायएसक्यूएलचंच उदाहरण घ्या. त्यांनी सर्व्हरमध्येच क्वेरी कॅश दिली होती. तीही टेबलात काही बदललं की त्या टेबलावरची सगळी उत्तरं टाकून द्यायची. भरपूर कोअर असलेल्या मशीनवर, एकाच वेळी पुष्कळ क्वेरी आल्या की त्या कॅशच्या एकाच कुलपापाशी सगळ्यांची रांग लागायची. शेवटी ५.७.२० या आवृत्तीत, २०१७ साली, तिला निवृत्तीची नोटीस मिळाली आणि २०१८ साली आलेल्या ८.० मधून ती काढूनच टाकली. एवढ्या मोठ्या डेटाबेसनं आपलीच सोय मोडीत काढली, तर आपण दोन मिनिटं विचार करायला काय हरकत आहे?

यावर कुणी म्हणेल, कॅशशिवाय जग चालतं का? अजिबात नाही. मेमकॅशड २००३ साली लाइव्हजर्नलसाठी लिहिलं गेलं, कारण डेटाबेस खरोखरच पुरत नव्हता. कॅश हवीच. ब्रँचची यादी, सुट्ट्यांची यादी, राज्यांची नावं अशा क्वचित बदलणाऱ्या आणि सारख्या वाचल्या जाणाऱ्या गोष्टींसाठी ती उत्तम. पण लावण्याआधी तीन प्रश्न विचारा. या टेबलात कोण कोण लिहितं? उत्तर किती वेळ शिळं चालेल? आणि शिळं उत्तर गेलं तर भुर्दंड कुणाला? तिसरा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. त्याचं उत्तर होतं, फर्स्ट इयरची एक मुलगी.

ज्यांच्या प्रोजेक्टमध्ये असं काही चाललं असेल त्यांनी या क्रमानं जावं. आधी डेटाबेसला थेट विचारून स्क्रीनशी ताडून पाहा. मग एसक्यूएलचा लॉग चालू करा : पान उघडलं आणि लॉगमध्ये क्वेरी उमटलीच नाही, तर उत्तर कॅशमधून आलं. मग स्टॅटिस्टिक्समध्ये हिट, मिस आणि पुट बघा. हिट शून्य असतील तर क्वेरीत 'आत्ताची वेळ' तर पाठवत नाही ना, हे तपासा. दर मिलिसेकंदाला प्रश्नच नवा झाला तर जुनं उत्तर सापडणार कसं? बाहेरून लिहिणारं कुणी असेल तर त्या टेबलाला क्वेरी कॅश लावूच नका, किंवा थोडी मुदत ठेवा आणि बदल झाल्यावर कॅश रिकामी करायची सोय करा. ॲप्लिकेशन दोन सर्व्हरवर चालत असेल आणि कॅश प्रत्येकाची आपापली असेल, तर दुसरा सर्व्हरही तुमच्यासाठी 'बाहेरचा'च. आणि सगळं होईपर्यंत कृपया रिस्टार्ट करू नका!

आता सर आणि मॅडमना एक नम्र विनंती. व्हायवामध्ये 'कॅशिंग केलंय' म्हटलं की मान डोलावू नका. लॉग दाखवा म्हणा. आमच्यासमोर डेटाबेसमध्ये हातानं एक नोंद बदला आणि मग पान उघडायला सांगा. आमच्या वेळी कुणी एवढं केलं असतं, तर आमचे चार मार्क गेले असते आणि एका मुलीचे १,२६० रुपये वाचले असते. सौदा वाईट नव्हता.

पैसे तिला पुढच्या बिलात परत मिळाले. रजेची यादी पुन्हा काढली, तेव्हा आणखी दोघी सापडल्या. त्यांनी तक्रारच केली नव्हती, कॉम्प्युटर म्हणतोय म्हणजे खरं असेल म्हणून मुकाट्यानं पैसे भरले होते. मला जास्त बोचतं ते हेच. वहीत चूक असली की आपण वहीवर बोट ठेवून भांडतो. स्क्रीनसमोर मात्र माणूसच खोटा ठरतो. म्हणून बिलाच्या खिडकीवर बसणाऱ्यांनाही सांगावंसं वाटतं : समोरची मुलगी एक म्हणतेय आणि स्क्रीन दुसरं, तर आधी स्क्रीनकडे संशयानं बघा. तो स्क्रीन आमच्यासारख्याच कुणीतरी सबमिशनच्या चार दिवस आधी लिहिलेला असतो.

मी त्या मुलीच्या रूमवर जाऊन सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "ताई, जाऊ दे ना." तिनं जाऊ दिलं, मी नाही. आमच्या बिलाच्या पानावर आता खाली एक ओळ असते : 'ही माहिती अमुक वाजेपर्यंतची आहे.' पोळी कालची असेल तर निदान वाढताना सांगावं, एवढंच.