ब्रेलमधील एकटे प्रश्नचिन्ह
मराठी गद्याला विरामचिन्हांचे वळण लावण्याचे श्रेय मेजर कँडी यांना दिले जाते. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची. हीच चिन्हे ब्रेलमध्ये उतरताना मात्र एक पेच राहून गेला. सहा बिंदूंतून ६३च आकृती निघतात, त्यामुळे १९५१ साली मान्य झालेल्या भारती ब्रेलमध्ये प्रश्नचिन्ह आणि आरंभीचे अवतरणचिन्ह या दोहोंना २-३-६ हेच बिंदू मिळाले. कादंबरीच्या वाचकाचे त्याने अडत नाही : शब्दाआधी आले तर अवतरण, शब्दानंतर आले तर प्रश्न. पण हस्तलिखितातील शंकास्पद पाठापुढे संपादक कंसात नुसतेच प्रश्नचिन्ह घालतो, तेव्हा बोटाला आधार देणारा शब्दच तेथे नसतो.

इंग्रजीच्या एकीकृत ब्रेलमध्ये अशा एकट्या प्रश्नचिन्हाआधी ५-६ बिंदूंची खूण येते. तो उपाय येथे जसाच्या तसा उचलता येत नाही. भारती ब्रेलमध्ये ५-६ म्हणजे अनुस्वार! चिन्ह गाळावे, असे कोणी सुचवील. तसे केल्यास संशयित पाठ निःसंशय ठरतो, आणि अंध अभ्यासकाच्या हाती डोळस अभ्यासकाहून निराळी संहिता पडते. त्यापेक्षा कंसात ‘संदिग्ध’ हा शब्दच लिहावा व तसा खुलासा ग्रंथारंभी करावा. जागा अधिक लागेल हे खरे. पण ब्रेलचे ग्रंथ तसेही जाडजूड असतात.