चौदा मिनिटे आणि जिभेची गाठ

मार्च महिन्यातली गोष्ट. मगरिबच्या नमाजनंतर आमची एक जुनी विद्यार्थिनी तिच्या अम्मीसोबत घरी आली. आठवी ते दहावी आमच्या वर्गात होती. पुढे बी.एस्सी. नर्सिंग झाली आणि आता मिरजेच्या एका रुग्णालयात तीन वर्षांपासून नोकरी करते. हातात आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेच्या निकालाचा कागद होता. ऐकणे ७.५, वाचन ७, लेखन ६.५, बोलणे ६.

“मॅडम, बोलण्यात गेलं,” एवढेच म्हणाली आणि ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत बसली. अम्मींना राहवेना. “ये रोज रातकू बैठकू पढती थी, मॅडम. फिर बी कैसा कम पड्या?”

ज्या वाचकांना या परीक्षेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिथली नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल इंग्रजीचा पुरावा मागते. आयईएलटीएसच्या मार्गाने जायचे तर ऐकणे, वाचन आणि बोलणे यांत प्रत्येकी किमान ७ आणि लेखनात किमान ६.५ हवेत. मुलीची एकूण सरासरी ७ भरली होती, पण बोलण्यात एक गुण कमी पडला आणि अर्ज तिथेच थांबला. परीक्षेची फी पंधरा हजारांच्या वर आहे. अब्बा रिक्षा चालवतात. ती फी किती दिवसांच्या फेऱ्यांतून जमली असेल, याचा हिशोब त्या कागदावर नव्हता, पण आम्हा सगळ्यांना तो माहीत होता.

आणि एक कबुली द्यायला हवी. तिच्या अपयशात आमचाही वाटा होता. परीक्षेआधी ती मदत मागायला आली होती, तेव्हा आम्ही तिला चाळीस प्रश्नांची उत्तरे लिहून वही दिली होती. ‘माझी आई’, ‘माझा आवडता प्रवास’, ‘मी वाचलेले पुस्तक’. निबंध पाठ करून घेण्याची जी सवय आम्हा शिक्षकांच्या हाडात मुरली आहे, तीच आम्ही तिच्या गळ्यात बांधली. शिकवणी वर्गाने त्यात अवघड शब्दांची भर घातली.

परीक्षेत तिला कार्ड मिळाले, ते असे : तुम्हाला वाट पाहावी लागली असा एखादा प्रसंग सांगा. वहीत असे उत्तर नव्हते. तिने पाठ केलेला महाबळेश्वरचा प्रवास ओढूनताणून तिथे बसवायचा प्रयत्न केला. चार वाक्ये धाडधाड गेली, मग दोरा तुटला. एका वाक्याची तीनदा सुरुवात झाली. प्रत्येक वाक्याआधी ‘ॲक्च्युअली’ आले. दोन मिनिटांतली अर्धी तर शांततेतच गेली.

आम्ही चहा टाकला. तेवढ्यात अम्मींनी सहज विचारले की कालच्या नाइट ड्यूटीत एवढा उशीर का झाला. आणि मुलगी घरच्या दखनीत सांगू लागली. एक म्हातारे चाचा दाखल होते. मुलगा पुण्याहून निघालेला, पण रस्त्यात गाडी बंद पडलेली. चाचा दर दहा मिनिटांनी दाराकडे बघायचे. ड्यूटी संपली तरी हिचा पाय निघेना, म्हणून ही थांबली. शेवटी फजरच्या सुमारास मुलगा आला, तेव्हा चाचांनी आधी त्याला विचारले, जेवलास का. पहले, फिर, मगर, इसलिए असे सगळे दुवे जागच्या जागी. आम्ही घड्याळ पाहिले. चार मिनिटे ती न अडखळता बोलली होती.

आम्ही म्हणालो, “बेटा, वाट पाहण्याचा प्रसंग तुझ्याकडे होता की!”

ती आमच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “पण मॅडम, ही काय परीक्षेत सांगायची गोष्ट आहे?”

हो, हीच सांगायची गोष्ट आहे. त्या संध्याकाळपासून आम्ही या परीक्षेकडे नव्याने पाहू लागलो. जे उमगले ते इथे मांडतो, कारण आपल्या बऱ्याच घरांत कुणी ना कुणी या परीक्षेच्या तयारीला बसलेले असते.

बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. समोर परीक्षक, आणि सगळे संभाषण रेकॉर्ड होते. पहिल्या भागात चार-पाच मिनिटे घर, काम, शिक्षण, आवडीनिवडी. दुसऱ्या भागात कार्ड, तयारीला एक मिनिट, कागद-पेन्सिल, आणि मग एक ते दोन मिनिटे एकट्याने बोलायचे. तिसऱ्या भागात त्याच विषयाच्या धाग्याने मोठी चर्चा. गुण चार गोष्टींना समान मिळतात : बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. आपण मुलांना शब्द आणि व्याकरण शिकवतो, पहिल्या निकषाकडे मात्र बघत नाही.

ओघ म्हणजे वेग, हा पहिला गैरसमज. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये नबी (स.) यांच्या बोलण्याचे वर्णन आहे. आशय असा की ते इतके सावकाश व स्पष्ट बोलत, की कुणी शब्द मोजू म्हटले तर मोजता यावेत. घाई म्हणजे प्रभुत्व नव्हे, हे आपल्याला वेगळे शिकायला नको. परीक्षकही थांबण्याचे दोन प्रकार मानतात. काय सांगावे याचा विचार करताना माणूस थांबतो, ते स्वाभाविक आहे, आपल्या मातृभाषेतही आपण थांबतोच. पण प्रत्येक वाक्याच्या मध्ये शब्द किंवा व्याकरण शोधत थांबणे, तेच वाक्य पुन्हा पुन्हा दुरुस्त करणे, इथे गुण जातात.

आता आपली मुले वाक्याच्या मध्येच का अडकतात? मराठीत आणि उर्दूत क्रियापद शेवटी येते. ‘पुण्याहून येणाऱ्या चाचांच्या मुलाला मी फोन केला.’ मनात हे वाक्य तयार करून त्याचे इंग्रजी करायला गेले, तर शेवटचा ‘केला’ उचलून पुढे आणावा लागतो आणि बाकीचे सगळे मागे ढकलावे लागते. तेवढ्यात जीभ थांबते. यावर उपाय सोपा आहे. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद आधी बोलून टाकायचे, ‘आय कॉल्ड हिज सन’, आणि उरलेले पुढच्या छोट्या वाक्यात, ‘ही वॉज कमिंग फ्रॉम पुणे’. दोन लहान वाक्ये एका मोडलेल्या मोठ्या वाक्यापेक्षा केव्हाही चांगली.

दुसरी गोष्ट सुसंगती. तसबीहचे मणी कितीही चांगले असले तरी दोरा नसेल तर ते जमिनीवर घरंगळतात. हा दोरा म्हणजे ‘बिकॉज’, ‘सो’, ‘बट’, ‘आफ्टर दॅट’, ‘फॉर एक्झाम्पल’ असे साधे शब्द. पण दोरा दिसायचा नसतो, धरून ठेवायचा असतो. दर वाक्याला ‘फर्स्ट ऑफ ऑल’, ‘मोरओव्हर’ लावले तर ते ओझे होते, आणि परीक्षकाला ते लगेच कळते.

एखादा शब्द आठवला नाही तर थांबू नये, वळसा घ्यावा. ‘दस्तरख्वान’ला इंग्रजीत काय म्हणतात, यावर आमच्या वर्गात मुले पाच मिनिटे अडून बसली होती. ‘जेवायला बसताना जमिनीवर अंथरतो ते कापड’ असे इंग्रजीत सांगितले की झाले. शब्द हुकला तरी गोष्ट पुढे जाते आणि वळसा घेता येणे हे कौशल्यच मानले जाते.

कार्डावरच्या एका मिनिटात वाक्ये लिहू नयेत. चार-पाच शब्द पुरे : कोण, कुठे, काय झाले, मग काय, मला काय वाटले. शेवटचा शब्द महत्त्वाचा, कारण सांगायचे संपले असे वाटते तेव्हा ‘मला काय वाटले आणि का’ एवढ्यावर आणखी अर्धा मिनिट सहज जातो. दोन मिनिटे झाली की परीक्षक मध्येच थांबवतात, त्याने घाबरू नये, तो नियम आहे. प्रश्न नीट ऐकू आला नाही तर पुन्हा विचारावा, त्यात कमीपणा नाही. तिसऱ्या भागात ‘लोकांत आता पूर्वीसारखा धीर राहिला नाही, असे तुम्हाला वाटते का’ अशा तऱ्हेचे प्रश्न येतात. आधी आपले मत, मग कारण, मग उदाहरण, आणि शक्य असेल तर दुसरी बाजू, या क्रमाने बोलले तर उत्तर आपोआप बांधीव होते.

सराव कसा करायचा? भाषाशिक्षणात ४-३-२ नावाची एक पद्धत आहे. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या लेखनातून ती अनेक शिक्षकांपर्यंत पोहोचली. एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना सांगायची, आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. विषय तोच राहतो, त्यामुळे डोक्यावरचा भार कमी होतो आणि जीभ मोकळी होते. हे पाठांतर नव्हे, कारण दरवेळी वाक्ये नवी येतात.

आम्ही या मुलीच्या घरी ही पद्धत थोडी बदलून लावली. आधी गोष्ट दखनीत अब्बांना सांगायची, आणि अब्बांनी ती परत सांगायची. त्यांची गोष्ट जिथे अडखळेल, तिथे हिच्या सांगण्यातला दुवा सुटला असे समजायचे. मग तीच गोष्ट इंग्रजीत अकरावीतल्या भावाला तीन मिनिटांत, आणि शेवटी मोबाइलच्या रेकॉर्डरला दोन मिनिटांत. रेकॉर्डिंग स्वतःच ऐकून ‘ॲक्च्युअली’ मोजायचे. पहिल्या दिवशी ते अकरा निघाले.

यात आम्हाला एक गोष्ट खटकली, ती मोकळेपणाने लिहितो. पहिल्या दोन दिवसांत अब्बा दर मिनिटाला मध्येच बोलत. “हां हां, समझ्या, आगे बोल.” लेकीचे चार मिनिटे सलग ऐकायची त्यांना सवयच नव्हती. आणि दोष एकट्या त्यांचा कुठे आहे? घरात मूल, विशेषतः मुलगी, लांबण लावू लागली की आपण म्हणतो, बडबड पुरे. वर्गात आम्ही म्हणतो, एका वाक्यात उत्तर दे. वीस वर्षे तिला थोडक्यात आटपायला शिकवायचे आणि मग एका अनोळखी माणसासमोर चौदा मिनिटे सफाईने बोल म्हणायचे! मोठ्यांचा अदब आणि मुकेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अदब जरूर शिकवावा. पण दिवसातून दहा मिनिटे जेवणाच्या वेळी मोबाइल बाजूला ठेवून घरातल्या एकाचे म्हणणे सगळ्यांनी न तोडता ऐकावे. कोणत्याही शिकवणी वर्गाला जमणार नाही ते यातून होईल.

सूरह ताहामधली हजरत मूसा (अलै.) यांची दुआ आपल्या मुलांना पाठ असते. परीक्षेला निघताना ती म्हटलीही जाते. त्या दुआचा शेवट काय मागतो, हे त्यांना जरूर समजावून सांगा. छाती मोकळी कर, काम सोपे कर, जिभेची गाठ सोडव. कशासाठी? लोकांना माझे बोलणे समजावे म्हणून. छाप पाडण्यासाठी नव्हे. आणि आपला भाऊ हारून (अलै.) आपल्यापेक्षा अधिक सफाईने बोलतो, हे मूसा (अलै.) यांनी स्वतःच अल्लाहपुढे मांडले. पैगंबरांना जे सांगायला संकोच वाटला नाही, त्याची लाज आपल्या मुलांनी का बाळगावी?

हा मजकूर लिहीत असताना मुलीची दुसरी परीक्षा दहा दिवसांवर आली आहे. काल तिने ताजे रेकॉर्डिंग पाठवले. विषय होता ‘शेजारी’. दोन मिनिटे आणि चार सेकंद. ‘ॲक्च्युअली’ दोनदाच आले. मध्ये एका ठिकाणी ती थांबली, पण शब्दासाठी नव्हे, आठवणीसाठी. आम्ही तिला तेवढेच कळवले, की हे थांबणे चालेल.

वाचकांनी तिच्यासाठी दुआ करावी. आणि आज रात्री आपल्या लेकरांपैकी एकाला विचारावे, दिवसभरात काय झाले? मग मध्ये न बोलता ऐकत राहावे.