भूत टॉवरात नाही, बंद फाइलीत आहे

मुंबईत ओव्हल मैदानासमोरचा राजाबाई टॉवर बहुतेकांनी पाहिलेला असतो. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलातली ही वास्तू. विद्यापीठ १८५७ सालचे. टॉवरचे काम १८६९ साली सुरू झाले आणि १८७८ साली पुरे झाले. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, पैसा शेठ प्रेमचंद रायचंद यांचा आणि नाव त्यांच्या आईचे. २०१८ साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. एवढी माहिती पुस्तकात मिळते. पण टॉवरकडे बोट दाखवून हळू आवाजात सांगितली जाते ती गोष्ट वेगळी असते. 'वर दोन बायकांचे आत्मे फिरतात म्हणे!'

आम्हा सिंधुदुर्गातल्या वकिलांना हायकोर्टाच्या कामासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आणि ती खेप वाचली. त्याआधीच्या एका खेपेत तारीख पुढे पडली, म्हणून शेजारच्या विद्यापीठात शिरलो. बाबासाहेबांनी १९१२ साली बी.ए. केले ते याच विद्यापीठातून. मान वर करून पाहिले तर टॉवरच्या अंगावर दगडी पुतळे. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जाती-जमातींचे हे नमुने मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. ज्ञानाच्या मंदिरावरही जातीची ओळख कोरलेली! टॉवरवर जाणारा जिना लोकांसाठी बंद. सोबतच्या ज्युनिअरने भुताची गोष्ट सुरू केली. मी विचारले, 'त्या बायकांची नावे काय?' त्याला सांगता आली नाहीत. आत्मे ठाऊक होते, माणसे ठाऊक नव्हती.

ती माणसे अशी. २५ एप्रिल १८९१ रोजी बचुबाई आणि पिरोजबाई या दोन तरुण पारशी स्त्रिया या टॉवरवरून पडून मरण पावल्या. बचुबाई म्हणजे पुढे कुलपांच्या धंद्यात नाव काढलेल्या अर्देशीर गोदरेज यांच्या पत्नी. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. त्यांनी उड्या मारल्या, की अब्रू वाचवण्यासाठी त्यांना उडी घ्यावी लागली, की कुणी ढकलले? एका इसमावर खटला चालला. तो निर्दोष सुटला. मग दोघी मेल्या कशा, या प्रश्नाचे उत्तर कुणीच दिले नाही. कोर्ट थांबले आणि भुताची गोष्ट पुढे चालू लागली.

काळही ध्यानात घ्या. त्याच वर्षी, महिनाभर आधी, संमतिवयाचा कायदा झाला होता. मुलीचे संमतिवय दहावरून फक्त बारावर न्यायचे, तरी धर्म बुडाला म्हणून केवढा गदारोळ उठला! त्याआधी १८८७ साली शेजारच्याच हायकोर्टाने रखमाबाईंना नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा असे फर्मावले होते. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. जिवंत बाईचे म्हणणे ऐकायला जो समाज तयार नव्हता, तो मेलेल्या बाईचे काय ऐकणार? त्याने तिला भूत करून टाकले. भुताचा जबाब नोंदवावा लागत नाही.

हे मुंबईतच घडते असे समजू नका. आमच्या जामसंडे-देवगडच्या बाजूला भुतांची यादीच तोंडपाठ असते. मुंज झालेला मुलगा मेला की मुंजा, ब्राह्मण मेला की ब्रह्मसमंध. नवरा जिवंत असताना मेलेली बाई जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर अळवंतीण. म्हणजे मनूने लावलेली उतरंड मेल्यावरही सुटत नाही. पुरुषाच्या भुताला जात आणि बाईच्या भुताला नवरा! बाळंतीण रक्तस्रावाने गेली, तर डॉक्टर का नव्हता, रस्ता का नव्हता, गाडी का मिळाली नाही, हे प्रश्न विचारायला हवेत. अळवंतीण म्हटले की सगळे प्रश्न मिटतात. आरोग्य खातेही सुटते आणि घरचेही सुटतात.

तीच गत विहिरीची. एखादी सून विहिरीत सापडते. पंचनामा होतो. 'पाय घसरला' असा घरच्यांचा जबाब येतो. आकस्मिक मृत्यूची नोंद होते आणि फाइल बंद. पावसाळा सरतो न सरतो तोच म्हातारी माणसे पोरांना सांगू लागतात, 'थंय जाव नको, ती जागा वायट आसा.' जागा वाईट नसते. तिथे काय झाले हे गावाला ठाऊक असते, पण बोलायचे नसते. त्या न बोलण्याचे नाव भूत.

भुताची गोष्ट सांगणे हा गुन्हा नाही. पण भुताच्या नावाने माणसाला छळणे हा गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधणे, मारणे, चटके देणे यासाठी सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. दलित-आदिवासी स्त्रीवर चेटकीण असल्याचा आळ घेऊन तिला छळले, तर २०१५च्या दुरुस्तीने अॅट्रॉसिटी कायदाही लागतो. हा कायदा पोलीस ठाण्यात आपल्या माणसांनीच वाचून दाखवावा लागतो.

आणि मृत्यूची चौकशी? लग्नाला सात वर्षे होण्याआधी विवाहिता संशयास्पद रीतीने मेली किंवा तिने आत्महत्या केली, तर तिचे शवविच्छेदन झालेच पाहिजे. नातेवाइकाने मागणी केली तरी ते करावे लागते. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४मध्ये आहे. बचुबाईंच्या वेळी असे संरक्षण नव्हते. आज आहे, पण माहेरची माणसे गरीब असतात, सासरची गावात वजन राखून असतात, आणि सही करून मोकळे व्हा असा सल्ला देणारे शहाणे दारात उभे असतात. सही करू नका. शवविच्छेदनाचा अहवाल मागा, जबाबाची प्रत मागा, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा.

बाबासाहेबांनी आपल्या हातात कायदा दिला तो फ्रेम करून भिंतीवर लावण्यासाठी नव्हे. आपल्या वाडीत यापुढे कुणी एखाद्या विहिरीला, झाडाला, पडक्या घराला झपाटलेले म्हणाले, तर तरुणांनी अंगारा शोधू नये. तिथे कोण मेले, तिचे नाव काय, तिची फाइल कुठे आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर पोलीस ठाण्याची पायरी चढावी.