'सेटल' म्हणजे फिटले नव्हे

२०२० च्या फेब्रुवारीत धाकट्या भावाने रमजान ईदसाठी दुकानात कापड भरले. व्यापाऱ्याला थोडे रोख दिले आणि उरलेले साठ हजार आमच्या क्रेडिट कार्डावर घातले. घरचा माणूस, ईदनंतर फेडणार. नाही म्हणायचे कारणच नव्हते. मार्चअखेर टाळेबंदी लागली. ती ईद सगळ्यांनी घरातच नमाज पढून, जुन्या कपड्यांत केली. कापड दुकानातच पडून राहिले.

आमची शाळा विनाअनुदानित. पगार निम्म्यावर आला, त्यात अब्बांचे आजारपण. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती. आम्ही ती घेतली. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही, हे बिल आल्यावर कळले. पुढे 'किमान रक्कम' भरत राहिलो. बिलावरची ती छोटी रक्कम मोठी दयाळू वाटते. ती भरली की उशिराचा दंड टळतो एवढेच. उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतच राहते आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. सुदाचे नाव काढले तरी अम्मी कानांवर हात ठेवते, आणि तिच्याच घरात वर्षाला चाळीस टक्क्यांचा सूद मुकाट्याने वाढत होता.

दीड वर्षात आकडा ८४ हजारांवर गेला आणि आमचे भरणे थांबले. मग वसुलीचे फोन. एके दिवशी पलीकडचा माणूस म्हणाला, "पंचेचाळीस हजार एकदम भरा, खाते सेटल करून टाकतो." अम्मीने बांगड्या काढून दिल्या. पैसे भरले त्या रात्री आम्ही सगळे शांत झोपलो.

२०२४ मध्ये मुलीला फार्मसीला प्रवेश मिळाला. मनाला पटत नव्हते, तरी नाइलाजाने शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेलो. अधिकाऱ्याने आमचा सिबिल अहवाल काढला. ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर आमचा आकडा ५९८, आणि कार्डाच्या खात्यापुढे शब्द होता 'सेटल्ड'. तो नम्रपणे म्हणाला, "याचा अर्थ पूर्ण फेडले नाही, बँकेने कमी घेऊन सोडून दिले." 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' या दोन शब्दांतला फरक आम्हाला, दोन भाषा शिकवणाऱ्यांना, तीन वर्षांनी कळला!

कार्ड वापरले की स्कोअर सुधारतो असे कुणीसे सांगितले. घाबरून आठवडाभरात तीन बँकांकडे कार्डासाठी अर्ज केले. तिन्ही नाकारले गेले. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते; एकापाठोपाठ एक अर्ज दिसले की माणूस पैशासाठी सैरभैर झालाय असे बँकेला वाटते. आणि आम्ही सैरभैर होतोच. मुलीची पहिल्या वर्षाची फी भावाने मोटारसायकल विकून भरली.

त्यानंतर डोके शांत ठेवून काम सुरू केले. आपल्या देशात अशी नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. जुन्या बँकेला पत्र लिहून विचारले, सोडलेली रक्कम आता भरली तर खाते 'क्लोज्ड' दाखवाल का? आधी लेखी होकार घेतला, मगच ३९ हजार भरले आणि 'बाकी नाही' असा दाखला मिळवला. तरी दोन महिने अहवालात जुनाच शब्द. तेव्हा सिबिलकडे दाखला जोडून तक्रार केली. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आमची दुरुस्ती चोविसाव्या दिवशी झाली.

'सिबिल साफ करून देतो' अशा पाट्या बसस्टँडजवळ दिसतात. चुकीची नोंद आपली आपणच फुकट दुरुस्त करून घेऊ शकतो, आणि खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही. मग पैसे कशाचे?

साधे कार्ड मिळणार नव्हते, म्हणून वीस हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्यावर कार्ड घेतले. ठेव तारण असल्याने बँक फार खळखळ करत नाही. ठेवीवरचे व्याज आम्ही घरात वापरत नाही, बाजूला काढून देतो. याबाबत ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. कार्डावर फक्त वीजबिल आणि गॅस. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जायचे नाही, आणि बिल आले की पूर्ण रक्कम भरायची. पूर्ण भरले की व्याजाचा प्रश्नच येत नाही. तारीख अम्मीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली आहे.

भाऊ हल्ली कोपऱ्यावरच्या दुकानात नोकरी करतो. पगारातून दरमहा दोन हजार अम्मीच्या हातावर ठेवतो, बांगड्यांसाठी. आम्ही नको म्हटले की रागावतो. पैसे देताना हटकून विचारतो, "आकडा कितीवर आला?" परवा सांगितले, ६८१.