पक्षाचा साधा सभासद, शहरातील महागाई आणि शेतमालाचा भाव

निवडणूक जवळ आली की गावोगावी पक्षांचे सभासद दिसू लागतात आणि मतमोजणी संपली की ते दिसेनासे होतात, असा बहुतेक शेतकऱ्यांचा अनुभव आहे. त्यामुळे राजकारण हा पुढाऱ्यांचा धंदा व पक्षाचा साधा सभासद हा त्यांचा झेंडा वाहणारा गडी, अशी समजूत रूढ झाली आहे. ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि शेतमालाच्या भावाचा प्रश्न सुटावयाचा असेल, तर तो या साध्या सभासदावाचून सुटणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, हे दाखविण्यासाठी आम्ही वाचकांपुढे मुंबईच्या एका उपनगराचे उदाहरण ठेवीत आहो.

गोरेगाव हे १९५७ पर्यंत मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होते. त्या साली ते हद्दीत आले. परंतु वस्ती ज्या वेगाने वाढली त्या वेगाने पाणी काही आले नाही. वैद्यकीचे शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात पडलेल्या समाजवादी कार्यकर्त्या मृणालताई गोरे १९६१ साली तेथून महापालिकेवर निवडून आल्या. पाण्यासाठी त्यांनी इतका नेट धरला की ‘पाणीवाली बाई’ हेच त्यांचे नाव लोकांच्या तोंडी झाले. पुढे १९७२ साली त्या विधानसभेत व १९७७ साली लोकसभेत गेल्या. यात आमच्या वाचकांनी क्रम तेवढा ध्यानात घ्यावा. आधी नळ, मग विधानसभा आणि शेवटी दिल्ली. नळावर पाणी कोणाला मिळते, किती मिळते आणि त्यासाठी कोणाचा दिवस मोडतो, हा अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे. तो ज्याला आपल्या आळीत सोडविता येत नाही, त्याने राष्ट्राच्या अर्थकारणावर व्याख्याने देण्यात हशील नाही.

आता याच कथेचा शेतकऱ्याला टोचणारा भाग सांगितला पाहिजे. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला आणि धान्य, तेल, साखर, रॉकेल यांची टंचाई झाली. तेव्हा मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर आदी निरनिराळ्या पक्षांच्या स्त्री-कार्यकर्त्यांनी महागाईविरुद्ध संयुक्त आघाडी उभी केली आणि मुंबईच्या हजारो गृहिणी हाती लाटणी व थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांची मागणी न्याय्य होती, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु शेतकरी त्यावर असे विचारतो की, शहराने स्वस्ताईसाठी थाळी वाजविली म्हणजे तिचा आवाज अखेर आमच्याच खळ्यावर येऊन का थांबतो? धान्यावरील लेव्हीचा जाच ज्याने सोसला, त्याच्या तोंडी हा प्रश्न शोभतो. त्याच दशकाच्या अखेरीस शरद जोशी यांनी चाकण येथे कांद्याच्या भावासाठी आंदोलन उभे केले व उत्पादनखर्चावर आधारलेल्या रास्त भावाची मागणी मांडली. एकाच दशकात गोरेगावची गृहिणी भाव उतरावा म्हणून आणि चाकणचा शेतकरी भाव चढावा म्हणून सरकारशी भांडत होता.

यावरून पुष्कळ लोक असे अनुमान काढतात की शहर व खेडे हे जन्माचे वैरी आहेत. आमच्या मते हे अनुमान चुकीचे आहे, व ज्यांना या वैरातून लाभ होतो त्यांच्या ते पथ्यावर पडते. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ साली असे दाखविले की, टोमॅटो, कांदा व बटाटा यांवर ग्राहक जो रुपया खर्च करतो, त्यातून शेतकऱ्याच्या हाती सुमारे एक तृतीयांशच पडतो. उरलेले दोन हिस्से वाहतूक, हमाली, दलाली, नासधूस व नफा यांत जातात. यांतील काही खर्च अपरिहार्य आहे. वाशीची गाडी फुकट चालत नाही. परंतु गोरेगावची गृहिणी ज्या भावाला महाग म्हणते आणि लासलगावचा शेतकरी ज्या भावाला मातीमोल म्हणतो, ते दोन्ही भाव एकाच दिवशी खरे असू शकतात. सबब दोघांनी एकमेकांकडे बोट न दाखविता मधल्या दोन हिश्श्यांचा हिशेब मागितला पाहिजे.

असा हिशेब जमतो, याचा पुरावाही आहे. गोरेगावलाच १९४९ साली सरकारने आरे दुग्ध वसाहत उभारली, शहरातील गोठे तेथे हलविले व उत्पादक आणि ग्राहक यांच्यामध्ये स्वतः उभे राहण्याचा प्रयोग केला. त्या सरकारी योजनेचे तेज पुढे ओसरले. परंतु खेडा जिल्ह्यातील ज्या उत्पादकांनी १९४६ साली आपला सहकारी संघ काढून मुंबईला दूध धाडावयास आरंभ केला, त्यांचा संघ वाढत गेला. सहकारी दुधाच्या व्यवहारात ग्राहकाच्या रुपयातील उत्पादकाचा वाटा भाजीपाल्याहून पुष्कळ मोठा असतो, आणि म्हणून शहरातील ग्राहकाला दूध नाकारले जात नाही. सरकारने मधे उभे राहणे आणि शेतकऱ्याने स्वतः ग्राहकाच्या दारापर्यंत जाणे, यांतला फरक या दोन उदाहरणांत स्वच्छ दिसतो.

याउलट राज्यकर्ते कोणता मार्ग धरतात ते पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद केली. ही बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, तीही किमान निर्यातमूल्य व शुल्क मागे ठेवून. आणि शुल्क पूर्णपणे जाण्यास १ एप्रिल २०२५ उजाडला. शेतकऱ्याने लागवड केली ती एका नियमाखाली, आणि माल काढला तो दुसऱ्या नियमाखाली. शहरातील मतदाराला खूष करण्याचा हा सर्वांत सोपा उपाय आहे. कारण मधल्या दोन हिश्श्यांना हात लावावा लागत नाही, एक तृतीयांशावर भागते. आणि येथेच आम्ही साध्या सभासदाला जबाबदार धरतो. निफाड, येवला वा जुन्नर तालुक्यातील प्रत्येक पक्षाच्या शाखेत कांदा पिकविणारे सभासद होते. त्यांपैकी ज्यांनी आपल्या पक्षाच्या बैठकीत उभे राहून जाब विचारला, ते धन्य होत. परंतु विरोधी पक्षाची बंदी ती जुलमी आणि आपल्या पक्षाची बंदी ती राष्ट्रहिताची, असे ज्यांनी चावडीवर समर्थन केले, त्यांनी पक्षाची सेवा केली नाही व शेताचीही केली नाही.

असे कार्यकर्ते घडतात कोठे, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. गोरेगावच्या बाईंची शाळा महापालिका होती. खेड्यातील कार्यकर्त्याची शाळा ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद ही होय. परंतु मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार चालला, आणि राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांचीही तीच गत झाली. या काळात रस्ते झाले असतील, नळही बसले असतील. परंतु ज्याला जाब विचारावा असा माणूस आळीत उरला नाही. निवडणूक लांबली म्हणजे केवळ पदे रिकामी राहतात असे नव्हे, तर एक सबंध पिढी कामावाचून पुढारी होते.

शहर व खेडे यांनी एकमेकांसाठी पदर मोडल्याचे उदाहरणही महाराष्ट्रात आहे. दुष्काळाच्या त्या वर्षांत रोजगार हमी योजना फोफावली, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसायकर बसविण्यात आला. गोरेगावच्या पगारदाराच्या पगारातून कापलेला पैसा माणदेशातील मजुराच्या हाती पडावा, अशी ती व्यवस्था होती. तेव्हा शहर उठून गेले नाही, कारण पैसा कशासाठी जातो हे त्याला सांगितले गेले होते. भावाचेही तसेच सांगितले पाहिजे.

म्हणून आमच्या सूचना तीन आहेत. पहिली ही की, आयात-निर्यातीचे धोरण लागवडीपूर्वी जाहीर व्हावे व पीक निघेपर्यंत बदलू नये, असा ठराव प्रत्येक पक्षाच्या तालुका शाखेने आपल्याच श्रेष्ठींकडे पाठवावा. दुसरी, बाजार समितीतील भाव व त्याच दिवसाचा मुंबईतील किरकोळ भाव एकाच फळ्यावर शेजारी शेजारी लिहिला जावा. हे काम सहकारी संस्थेला अल्प खर्चात करता येईल. तिसरी, स्थानिक संस्थांची निवडणूक मुदतीत होण्याविषयी शेतकऱ्याने पाण्याच्या पाळीइतकाच आग्रह धरावा.

आमचे वाचक निरनिराळ्या पक्षांचे आहेत, हे आम्ही जाणतो, व कोणी पक्ष बदलावा असे आमचे म्हणणे नाही. ज्या पक्षात आपण आहो त्यात गडी म्हणून न राहता वाटेकरी म्हणून राहावे, आणि वर्षअखेर जसा शेताचा जमाखर्च मांडतो तसा आपल्या सभासदत्वाचाही मांडावा, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.